‘शांत’ दीर्घिकांचा वरचा सूर

1943 साली खगोलशास्त्रज्ञ कार्ल सायफर्ट यांनी माउंट विल्सनच्या दुर्बिणीतून घेतलेले सहा दीर्घिकांचे वर्णपट तपशिलात मांडले. गाभा ताऱ्यासारखा लखलखीत आणि वर्णरेषा नको तितक्या रुंद. यातली एनजीसी 1068 तर एडवर्ड फाथ यांच्या नजरेत 1908 मध्येच आली होती. दोन्ही वेळा फारशी चर्चा झाली नाही.

चर्चा झाली ती सिग्नस ए ची. आकाशातला हा प्रखर रेडिओ स्रोत म्हणजे दूरची एक दीर्घिका आहे, हे बाडे आणि मिंकोव्स्की यांनी 1954 मध्ये दाखवलं आणि सगळे मोठ्या आवाजाच्या मागे लागले. सायफर्टच्या दीर्घिका त्यामानाने फारच मंद, म्हणून पुढे त्यांच्यावर ‘रेडिओ-क्वाएट’, म्हणजे रेडिओत शांत, असा शिक्का बसला. हे नाव मला कायम खटकतं. हळू बोलणारा माणूस मुका नसतो.

शिवाय ऐकायची जागाही चुकत होती. या दीर्घिकांच्या गाभ्यातल्या कृष्णविवराला लगटून इलेक्ट्रॉनांचा तप्त, चुंबकित ढग असतो. त्याला करोना म्हणतात. कमी वारंवारितेच्या लहरी हा ढग स्वतःच गिळतो. वारंवारिता वाढवत नेली की तो पारदर्शक होत जातो, आणि 100 ते 200 गिगाहर्ट्झच्या आसपास आतलं दिसू लागतं. त्याहून बरंच वर गेलं तर कोमट धुळीचा उजेड सगळं झाकून टाकतो. म्हणजे खिडकी अरुंदच. (आपली खोडदची रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, इथे उपयोगाची नाही, तिची धाव दीड गिगाहर्ट्झच्या आतबाहेर.)

हा मंद रेडिओ आवाज करोनाचाच असावा, असा संशय आधीपासून होता. रेडिओ तेज क्ष-किरण तेजाच्या साधारण एक लाखांश भरतं, आणि करोना असलेल्या ताऱ्यांतही हेच प्रमाण दिसतं, याकडे लाओर आणि बेहार यांनी 2008 मध्ये बोट दाखवलं. पण त्या अरुंद खिडकीतल्या, म्हणजे मिलिमीटर लांबीच्या, लहरी हवेतली वाफ शोषते. 2013 मध्ये चिलीच्या अटाकामा वाळवंटात, 5000 मीटर उंचीवर, 66 अँटेनांची आल्मा दुर्बीण रीतसर सुरू झाली, तेव्हा कुठे नेमकी मोजमापं हाती येऊ लागली.

इनोउए आणि दोई यांनी 2018 मध्ये आयसी 4329ए आणि एनजीसी 985 या दोन दीर्घिकांच्या करोनातलं चुंबकीय क्षेत्र काढलं: सुमारे 10 गॉस. फ्रिजच्या दारावरचं चुंबक याहून जोरदार असतं! एवढ्याशा चुंबकत्वाने करोना तापत कसा राहील, हा नवाच पेच उभा राहिला. 2022 मध्ये कावामुरो आणि सहकाऱ्यांनी जवळच्या दीर्घिकांच्या 98 सक्रिय (कृष्णविवरामुळे तळपणाऱ्या) गाभ्यांचं मिलिमीटर तेज तपासलं. ते करोनातून येणाऱ्या क्ष-किरणांच्या तेजाशी जुळत होतं.

त्याच वर्षी अंटार्क्टिकाच्या बर्फातल्या आइसक्यूब या न्यूट्रिनो-शोधकाने एनजीसी 1068 च्या दिशेने आलेल्या सुमारे 79 न्यूट्रिनोंचा (जवळपास कशानेही न अडणाऱ्या सूक्ष्म कणांचा) जादा भरणा जाहीर केला. त्यांच्या जोडीने यायला हवेत तेवढे गॅमा किरण मात्र पोचलेच नाहीत. ते ज्या दाट जागी अडकले असावेत, तिच्यासाठी सध्या पहिलं नाव घेतलं जातं ते करोनाचं.