चित्रगोधडीतील कापडनिवड

कापडाचे तुकडे एकमेकांवर बसवून आणि वरचे कापड, मधला भराव व खालचे अस्तर अशा तिन्ही थरांतून धावदोरा घालून केलेल्या चित्राला चित्रगोधडी म्हणतात. रंगांची जागा इथे कापड घेते. त्यामुळे कातळ, पाणी, झाडाची साल, धुके यांचा पोत आधीच विणलेल्या किंवा छापलेल्या कापडातून शोधावा लागतो. टाके सरावाने सुधारतात, पण चुकीचे निवडलेले कापड कितीही चांगल्या टाक्यांनी सावरत नाही.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात गुलामीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स यांच्या दोन चित्रगोधड्या आज उपलब्ध आहेत. १८८६ च्या सुमाराची गोधडी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे आणि १८९५ ते १८९८ या काळातली बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात. महाराष्ट्रातील गोधडी किंवा वाकळ जुन्या लुगड्या-धोतरांची असते. तिचा धावदोरा कडेपासून आत चौकटी-चौकटींनी येतो आणि चित्र तिच्यात क्वचितच असते. तरी चित्रगोधडी करणाऱ्याने तिच्याकडून एक गोष्ट जरूर घ्यावी, ती म्हणजे विरलेले मऊ सुती कापड. दाट धावदोऱ्याने ते बारीक चुरमडते आणि त्या सुरकुत्या नांगरलेल्या रानासारख्या किंवा वाळूसारख्या दिसतात. खळ असलेल्या कोऱ्या पॉपलिनवर हा परिणाम मिळत नाही.

निवडीत रंगाआधी फिकट-गडदपणा बघावा. डोंगराच्या दोन सोंडा एकाच हिरव्यातल्या असल्या तरी गडदपणात फरक असेल तर वेगळ्या उठून दिसतात. रंग वेगळे पण गडदपणा सारखा असेल, तर लांबून त्या एकमेकींत विरघळतात. तुकडे शेजारी मांडून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढला की फरक लगेच कळतो. ६० बाय ९० सेंटिमीटरच्या देखाव्याला फिकट ते गडद अशा पाच ते सात पायऱ्या पुरतात. लांबचे डोंगर फिकट, निळसर आणि कमी उठावाचे ठेवावेत. त्यासाठी छापील कापडाची उलटी बाजू फार उपयोगी पडते, कारण नक्षी तीच राहते आणि रंग एक पायरी फिका होतो.

त्यानंतर नक्षीचा आकार. झाडासाठी पानांची छपाई घेणे ही हमखास होणारी चूक आहे. चित्रातले झाड वीतभर असेल तर छापलेले एकच पान फांदीएवढे होते आणि झाडाऐवजी पडद्याचे कापड दिसू लागते. पाने अजिबात नसलेले, हिरव्या डागांचे बाटिक (मेण लावून रंगवलेले कापड) झाड म्हणून जास्त पटते. पुठ्ठ्याला हव्या त्या आकाराचे भोक पाडून ते कापडावर सरकवत न्यावे. एकाच मीटरभर कापडात साल, सावली आणि गवत असे तिन्ही सापडू शकते. निवडलेला तुकडा भिंतीवर टाचून अडीच-तीन मीटरवरून बघितल्याशिवाय कापू नये.

वीण आणि चकाकी यांचा विचार सर्वांत कमी होतो, आणि खरी गंमत तिथेच आहे. भंडाऱ्याच्या टसरमध्ये मध्येच जाड होणारे धागे असतात. ते उभे ठेवले की साल होते, आडवे ठेवले की वाळले गवत. इकतमध्ये सूत विणण्याआधीच रंगवलेले असते, म्हणून नक्षीच्या कडा पुसट येतात. पाण्यातल्या प्रतिबिंबाला याहून चांगले कापड मिळणे कठीण. धूपछाव रेशमाचा ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा असतो. एकाच कापडाचे तुकडे काटकोनात फिरवून लावले तर तळे कुठे उजळ, कुठे गडद दिसते. मखमल प्रकाश गिळते, त्यामुळे शेवाळ आणि दाट सावली तिच्यातून साधते. मात्र लव एकाच दिशेला हवी, नाहीतर शेजारचे दोन तुकडे वेगवेगळ्या रंगांचे वाटतात. खणाची बारीक बुट्टी पठारावरच्या फुलांच्या ताटव्याला चालते, पण काठ कापून टाकावा. काठ राहिला की तो खणच दिसतो.

पावसाळ्यातला सह्याद्रीचा कडा हे चांगले उदाहरण आहे. बेसॉल्टचे थर आडवे असतात, म्हणून काळी खादी, धुऊन करडे झालेले काळे सुती कापड आणि दाबू, म्हणजे चिखलाचा लेप लावून तिथे रंग अडवून छापलेले करडे कापड, यांच्या दीड ते चार सेंटिमीटर उंचीच्या आडव्या पट्ट्या कापाव्यात. पट्ट्या सारख्या उंचीच्या झाल्या की कड्याचा जिना होतो. मधल्या हिरव्या कंगोऱ्यांना अर्धा सेंटिमीटर पुरतो. धबधब्यासाठी पांढऱ्या मलमलीचे आडवे धागे उसवून उभे धागे मोकळे सोडावेत आणि फक्त वरच्या टोकाला टाचावेत. धुके म्हणजे वरच्या भागावर पांढऱ्या ऑर्गन्झाचा, म्हणजे पारदर्शक पातळ कापडाचा, एक थर, दरीच्या तोंडाशी दुसरा. पॉलिएस्टरचा ऑर्गन्झा गरम इस्त्रीने आक्रसतो किंवा वितळतो, म्हणून वर सुती कापड ठेवून कमी तापमानाची इस्त्री फिरवावी. धावदोराही थरांच्या दिशेने आडवा आणि मध्ये मध्ये तुटक असावा. टाका तीन-चार मिलिमीटरचा बरा.

कोकणातल्या जांभ्याला आडवे थर चालत नाहीत. तो दगड सच्छिद्र असतो, म्हणून तांबूस जाडीभरड्या कापडावर गडद दोऱ्याच्या गाठी द्याव्यात.

काठ दुमडून शिवायचे असतील तर ६ मिलिमीटर माया (शिवणीत आत जाणारे जास्तीचे कापड) ठेवावी. टसर आणि खादी यांच्या बारीक तुकड्यांना ही माया टिकत नाही, कारण धागे सुटतात. मागून इस्त्रीने पातळ फ्युजिंग (उष्णतेने चिकटणारे अस्तर) चिकटवले तर काठ धरून राहतो, पण त्या जागी कापड कडक होते आणि चुरमडत नाही. म्हणून ते सगळीकडे लावू नये. उरेब, म्हणजे धाग्यांना तिरका, कापलेला तुकडा ताणला जातो आणि डोंगराची कड लाटेसारखी फुगते. वळणदार नदीला मात्र उरेब पट्टीच हवी.

नवे सुती कापड आधी धुवावे, कारण ते आटते, आणि आधी न धुतलेले दोन प्रकार एकत्र शिवले तर चित्रच खेचले जाते. रंगाची परीक्षा म्हणून ओला तुकडा पांढऱ्या मलमलीवर ठेवून इस्त्रीने वाळवावा; लाल आणि निळीच्या कापडांची ही परीक्षा चुकवू नये. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने तयार कापडाचा रंग पक्का होतो हा समज बरोबर नाही. रंग सोडणारे कापड पुन्हा पुन्हा धुवावे, तरीही सोडत असेल तर वगळावे. निळीच्या कापडाचा रंग कोरडा असतानाही घासून उतरतो, म्हणून शेजारच्या पांढऱ्या आभाळाला हात लावण्याआधी बोटे पुसावीत.

वनस्पतिजन्य रंगांचा हिरवा बहुधा निळीवर पिवळा चढवून केलेला असतो. हळदीचा पिवळा उन्हात लवकर उडतो आणि अशी पाने हळूहळू निळी होतात. खिडकीसमोर टांगायच्या गोधडीत पानांना हे कापड वापरू नये. लांबच्या डोंगरांना ते चालते.