पंप वाढवण्याआधी : ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरमालकांसाठी

गळीत हंगाम तोंडावर आला की आमच्या पंप-नोझलच्या दुकानात मालक एकच वाक्य घेऊन येतात : "दोन ट्रॉल्या लावल्या की चढाला बसतोय, पंप जरा वाढवून द्या." स्क्रू फिरवायला दहा मिनिटं लागतात, त्याआधीचं बोलणं मात्र अर्ध्या तासाचं असतं. हंगामात तेवढी सवड ना तुम्हाला, ना आम्हाला. म्हणून हा कागद.

पंप वाढवला म्हणजे डिझेल पंपातल्या प्लंजरच्या (डिझेल ढकलणाऱ्या दांड्याच्या) दर ठोक्याला नोझलमधून जाणारं डिझेल वाढलं. हवा होती तेवढीच राहिली. 1 किलो डिझेल पुरतं जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, आणि प्रत्यक्षात इंजिनात त्याहून बरीच जास्त असावी लागते, कारण सिलिंडरमध्ये दोन्ही सगळीकडे सारखं मिसळत नाही. हवा अपुरी पडली की काळा धूर येतो. तो बघून काही ड्रायव्हर खूश होतात, आता कसा पेटला म्हणतात. ती अर्धवट जळालेल्या डिझेलची काजळी असते. कारखान्याच्या काट्यावर तिचं वजन कुणी धरत नाही.

आता हिशोब. ट्रॅक्टर, दोन्ही ट्रॉल्या आणि ऊस मिळून 20 टन धरा. 20 मीटरला 1 मीटर असा चढ असेल, तर नुसत्या चढासाठी 1 टनाची ओढ लागते. टायरचा रस्त्यावरचा अडथळा धरून साधारण 1.4 टन. 45 एचपीच्या ट्रॅक्टरचे चाकावर 38 एचपी पोचले, तर तो हा चढ ताशी 7 किलोमीटरच्या आसपास चढेल. पंप वाढवून इंजिन 55 एचपीला नेलं, तर 9 च्या. म्हणजे एक किलोमीटरच्या घाटात दीड मिनिट वाचलं. त्यानंतर गव्हाणीपुढच्या रांगेत किती तास जातात, ते तुम्हीच सांगा. पुढची चाकं उचलणं किंवा मागची जागेवर फिरणं ही तक्रार असेल, तर पंपाचा त्यात काहीच संबंध नाही. तिथे पुढचं वजन, टायर आणि हूक किती खाली आहे ते बघायचं.

त्या दीड मिनिटाची किंमत उष्णतेत मोजावी लागते. रिकाम्या ट्रॅक्टरला वाढवलेला पंप फारसा त्रास देत नाही. तो पूर्ण डिझेल मागतच नाही. भरल्या ट्रॉल्या घेऊन चढावर मात्र पाच-दहा मिनिटं सलग पूर्ण डिझेल जातं, आणि पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो. टर्बोच्या (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या) आधी एक्झॉस्टचं तापमान सतत 700 अंशांच्या वर राहिलं, तर पिस्टनचं डोकं आणि व्हॉल्व्ह यांचं आयुष्य झपाट्याने घटतं. त्यात रेडिएटरच्या जाळीत पाचट अडकलेलं असतं. ते रोज झाडा. हंगामात याहून स्वस्त दुरुस्ती नाही. टर्बो असेल तर चढ संपवून आल्यावर लगेच चावी फिरवू नका, दोन-तीन मिनिटं स्लोवर चालू ठेवा.

शेतात येऊन स्क्रू फिरवून देणारेही आहेत. त्यात एक गोम आहे. जुन्या पंपात चारही प्लंजर सारखं डिझेल देत नाहीत. एक पुढे, एक मागे झालेला असतो. बेंचवर (पंप तपासायच्या मशीनवर) न मोजता सगळे वाढवले, तर आधीच पुढे असलेला सिलिंडर सगळ्यात आधी जळतो. म्हणून आम्ही पंप बेंचवर चढवतो, चारही सारखे करतो आणि कंपनीच्या मापाला लावतो. त्याच्या वर नेत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मापाबाहेर बदल करू देत नाही, आणि सील तुटलं की वॉरंटीही गेली. शिवाय "बसतोय" म्हणून आलेल्या ट्रॅक्टरात बरेचदा चोक झालेला डिझेल फिल्टर, उतरलेलं नोझल प्रेशर किंवा एअर क्लीनरमधलं चिखल झालेलं ऑइल सापडतं. एखाद्याचा ब्रेकच धरून बसलेला असतो.

ब्रेकचं थोडं जास्त सांगतो. पंपाने ओढ वाढते, थांबण्याची ताकद तसूभरही वाढत नाही. दोन टनांच्या ट्रॅक्टरचे मागचे दोन ब्रेक, आणि मागे बिनब्रेकच्या ट्रॉल्यांत दहा-पंधरा टन ऊस. उतारावर इंजिनच ब्रेक असतं, तेही खालच्या गिअरमध्ये. उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर टाका. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्या ड्रायव्हरला घरी पाठवा. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल पट्टीने जोडलेली हवीत. नांगरताना सुटी केलेली तशीच राहतात आणि एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर आडवा होतो.

जुना ट्रॅक्टर घेताय आणि पंप आधीच वाढवलेला असल्याचा संशय आहे? पंपाचं सील बघा. गरम इंजिनावर ऑइलचं झाकण काढा. वाफेसारखा धूर भसाभसा येत असेल, तर रिंगा गेल्यात. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग नाही, म्हणजे क्लच प्लेट संपली. असा ट्रॅक्टर पंपासकट आमच्याकडे आणा, मापावर परत आणून देऊ.

50 एचपीच्या वरच्या, 1 जानेवारी 2023 नंतरच्या ट्रॅक्टरांना ट्रेम-4 हे धुराचे नियम लागू आहेत. त्यांत साधारणपणे कॉमन रेल (सगळ्या नोझलना जास्त प्रेशरने डिझेल देणारी एकच नळी) आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) असतो, स्क्रू नसतो. बाजारात मिळणारी 'पॉवर चिप' बहुतेक रेल प्रेशरच्या सेन्सरचं रीडिंग कमी करून दाखवते, म्हणजे बिचारा ईसीयू फसून प्रेशर वाढवतो. बीएस-6 पिकअपचंही तेच. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काढून रिमॅप (ईसीयूचा प्रोग्राम बदल) करून द्या म्हणून विचारू नका, करत नाही.

काम दसऱ्याच्या आत आणा. टोळी आल्यावर आणलेला पंप रांगेत थांबतो. येताना जुनी नोझल आणि शेवटचं ऑइल किती तासांवर बदललं तो आकडा घेऊन या.