गोवा पुराभिलेखागार

गोव्याच्या इतिहासाचे मूळ कागद सांभाळणारी पणजीतील सरकारी संस्था. स्थापना १५९५ ची, त्यामुळे देशातल्या सर्वांत जुन्या दप्तरखान्यांत तिची गणना होते. पहिला दप्तरदार दियोगो दो कोउतो हा पोर्तुगीज इतिहासकार. त्याचे नशीब मात्र विचित्र! त्याच्याच ग्रंथाच्या आठव्या व नवव्या भागांची हस्तलिखिते आजारपणात चोरीला गेली आणि आठवेल तसा गोषवारा त्याला पुन्हा लिहून काढावा लागला.

हे कागद जमले ते राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी. लिस्बनची पत्रे मोसमी वाऱ्यांवर येणाऱ्या जहाजांतून यायची, त्यांचे खंडच्या खंड येथे आहेत. सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश, साष्टीतली देवळे पाडली गेली. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला गेली. देवळांच्या महाजनांनी ती आठवण जत्रा-पालख्यांतून राखली. ज्या लहानसहान ग्रामदैवतांना असे कोणी हलवले नाही, त्यांतल्या कित्येकांचा पत्ता महसुली वह्यांतूनच लागतो. देवाच्या नावची शेते चर्चकडे वळवायची तर कोणते शेत कोणत्या देवाचे, हे लिहावेच लागले. पाडणाऱ्यांच्या हिशेबामुळेच ही नावे टिकली.

इन्क्विझिशनच्या बाबतीत तेवढेही झाले नाही. १५६० मध्ये सुरू झालेले हे धर्मन्यायालय, मधली काही वर्षे वगळता, १८१२ पर्यंत चालले. ते बंद झाल्यावर खटल्यांची बहुतेक कागदपत्रे जाळली गेली. थोडे कागद रिओ द जानेरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, पण आरोपींच्या जबान्या बव्हंशी कायमच्या गेल्या.

दप्तरखाना अभ्यासकांना खऱ्या अर्थाने खुला झाला तो इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर (१८९४–१९६९) यांच्यामुळे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या सेन्सॉरशिपच्या काळातही त्यांनी राज्यमंडळाच्या, म्हणजे व्हाइसरॉयच्या सल्लागार मंडळाच्या, बैठकींचे ठराव पाच खंडांत छापून काढले. त्याचे मोल संभाजी महाराजांच्या गोव्यावरील १६८३ च्या स्वारीवरून कळते. चर्चच्या कथनात गोव्यावरचे हे संकट टळले ते सेंट झेवियरच्या कृपेने. व्हाइसरॉयने आपला राजदंड संताच्या शवपेटीवर ठेवला होता हे खरे. पण मराठ्यांना माघारी फिरावे लागले ते मोगल फौज कोकणाकडे निघाल्यामुळे. पोर्तुगीज आणि मराठी कागद शेजारी ठेवून वाचल्याशिवाय हे उलगडत नाही.

पोर्तुगीज अमदानीत सरकारी शाळेत पोर्तुगालच्या राजांचा इतिहास शिकवत, तर खाजगी मराठी शाळांतून आणि पंतोजींच्या घरी मोडी, पोथी आणि शिवाजी महाराज. मुक्तीनंतर गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, पोर्तुगीज मागे पडली. परिणामी जुने पोर्तुगीज हस्ताक्षर, मोडी आणि गावकरीच्या (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेच्या) वह्यांतली गोंयकानडी लिपी, असे सगळे वाचू शकणारी माणसे आज फारच थोडी. मराठीतून शिकलेल्या विद्यार्थ्याला सुरुवात करावी लागते ती पिसुर्लेकरांच्या ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ (१९६७) या ग्रंथापासूनच.