लाल, पिवळा, निळा: प्राथमिक रंगांची पार्श्वभूमी

एलिमेंटरी चित्रकला परीक्षेची तयारी करणारे मूल रंगचक्र रंगवायला बसते, तेव्हा लाल, पिवळा आणि निळा यांच्या जागा आधीच ठरलेल्या असतात. ही त्रयी अँटवर्पमध्ये १६१३ साली छापलेल्या प्रकाशशास्त्राच्या एका ग्रंथात आकृतीसह आढळते. लाल हिंगूळ, निळा लाजवर्द अशा मोजक्या रंगद्रव्यांवर काम भागवणाऱ्या त्या काळच्या चित्रकाराला ती सहज पटण्याजोगी होती. पुढे १७२० च्या दशकात लंडनमध्ये याच तीन रंगांच्या ठशांनी रंगीत चित्रे छापली गेली आणि तिला व्यवहाराचाही आधार मिळाला.

खरा पेच १८५२ नंतरचा आहे. वर्णपटातील पिवळा आणि निळा प्रकाश एकत्र केल्यास हिरवा नव्हे, पांढरा प्रकाश मिळू शकतो, हे त्या वर्षी जर्मनीत प्रयोगाने दाखवले गेले. रंगद्रव्ये प्रकाशाचा काही भाग शोषून घेतात आणि मिश्रणातून मुख्यतः दोन्हींनी न शोषलेला प्रकाशच डोळ्यांपर्यंत येतो, हे एकदा मान्य केले की सर्वांत जास्त छटा देणारी त्रयी सायन (हिरवट निळा), मॅजेंटा (जांभळट गुलाबी) व पिवळा हीच ठरते. छपाईच्या धंद्याने ती स्वीकारली. चित्रकलेच्या वर्गांनी जुनीच कायम ठेवली. या निर्णयाला दीर्घकाळ सबळ कारण होते, कारण चित्रकाराला हवा तसा तेजस्वी आणि उजेडात न उडणारा मॅजेंटा ट्यूबमध्ये मिळतच नव्हता. सायनच्या जवळचा थॅलोसायनिन निळा १९३० च्या दशकात आणि टिकाऊ मॅजेंटा देणारे क्विनाक्रिडोन वर्गातील रंग १९५८ मध्ये बाजारात आल्यावर मात्र ते कारण उरले नाही, आणि तरीही पाठ बदलला नाही, हे नवशिक्यांच्या दृष्टीने अन्यायाचेच झाले.

त्याचा फटका कागदावर लगेच दिसतो. व्हर्मिलियन या लाल रंगात अल्ट्रामरीन हा गडद निळा मिसळला की जांभळ्याऐवजी मळकट तपकिरी रंग तयार होतो, कारण व्हर्मिलियन नारिंगीकडे झुकलेला असतो. त्याच अल्ट्रामरीनमध्ये क्रिम्सन हा निळ्याकडे झुकलेला लाल घातल्यास जांभळा बऱ्यापैकी स्वच्छ येतो. पहिल्या वेळी मुलाला आपला हातच बिघडला असे वाटते. म्हणूनच अनेक शिक्षक आता प्रत्येक प्राथमिक रंगाची एक उष्ण (लाल-नारिंगीकडे झुकणारा) आणि एक शीत (निळ्या-हिरव्याकडे झुकणारा) अशी जोडी, म्हणजे एकूण सहा रंग, वापरायला सांगतात. जुन्या रंगचक्राला त्यामुळे धक्का लागत नाही आणि मिश्रणेही बरीच सुधारतात.