धाब्याखालचं घर : खानदेशी सजावटीची पार्श्वभूमी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या पट्ट्यात घरांच्या आतली मांडणी करून देणं हा माझा व्यवसाय. 'घराला पारंपरिक रूप द्या' ही मागणी अलीकडे खूप वाढली आहे, आणि त्याचा अर्थ बहुतेकांच्या मनात आधीच ठरलेला असतो : राजस्थानी झरोका, दक्षिणेकडचे गोल लाकडी खांब, दिवाणखान्याच्या एका भिंतीवर वारली चित्रं. वारली ही डहाणू-तलासरीकडची कला. ती मला फार आवडते, पण यावल-रावेरच्या घरात ती पाहुणीच आहे. आपल्याकडचं काय, असं विचारलं तर समोरची माणसं कानबाई देवीचं नाव घेतात, मांडे आणि भरीत सांगतात, आणि घराच्या बाबतीत मात्र 'आपल्याकडे कुठं काय होतं, साधी मातीची घरं' म्हणून विषय संपवतात. त्या साध्या मातीच्या घरांमागे किती विचार होता, हे सांगण्यासाठी हे टिपण.

सुरुवात मातीपासून करावी लागते. तापी, गिरणा, पांझरा यांच्या खोऱ्यातली काळी माती कापसाला आणि केळीला उत्तम, बांधकामाला वाईट. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून घरासाठी गावठाणातली पांढरी माती वापरायची. सातपुड्यातून साग यायचा, बांबू यायचा. पाऊस कोकणासारखा नाही, तेव्हा उतरत्या छपराची सक्ती नव्हती. ऊन मात्र एप्रिल-मेमध्ये ४५ अंशांच्या आसपास जाणारं. या सगळ्यातून धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, घर तयार झालं. सागाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा बारीक काड्यांचा थर, आणि त्यावर खाऱ्या पांढऱ्या मातीचा जाड थर. ही माती पाणी सहसा खाली झिरपू देत नाही, फक्त दरवर्षी मृगाच्या आधी धाब्यावर नवी माती टाकावी लागते.

मातीच्या छपराचं वजन प्रचंड असतं. तुळई फार लांब ठेवता येत नाही, म्हणून खांब जवळजवळ उभे राहतात. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, आणि घराचं माप खणांत. त्यामुळे खोल्या अरुंद आणि लांबट झाल्या, आणि खांब घराच्या मध्यात आला. मध्यात आलेल्या खांबाकडे सतत नजर जाणार, मग सुतारानं त्याच्या माथ्यावर कमळ कोरलं, हस्तांवर, म्हणजे तुळईला दिलेल्या टेकूंवर, पोपट आणि घोडे बसवले. कोरीवकाम बहुतेक ओसरीत आणि दर्शनी भागात सापडतं, कारण उजेड तिथेच. आत माजघरात उजेड यायचा तो धाब्यातल्या साण्यातून, म्हणजे छपरात ठेवलेल्या झरोक्यातून, वरून, एका जागी. त्या झोताच्या वाटेत पितळी भांड्यांची उतरंड ठेवलेली मी अनेक जुन्या घरांत पाहिली आहे. घासलेलं पितळ तो प्रकाश खोलीभर पसरवतं. भिंती दीड-दोन हात जाड, म्हणून कोनाडे आणि दिवळ्या भिंतीच्या पोटातच. वेगळं कपाट लागत नव्हतं. बसायला जमीन, निजायला खाट आणि उन्हाळ्यात धाबं. ऐपतदार घरात ओसरीवर पितळी कड्यांची बंगई, म्हणजे झोपाळा. सामान कमी असल्यामुळे खोलीचं सौंदर्य भिंतीवर आणि जमिनीवर येऊन थांबायचं.

भिंतीचं काम बायकांचं. पांढरी माती, शेण आणि भुसा यांचा गिलावा, वरून चुन्याचा हात, चुन्यात थोडी नीळ, तळाशी गेरूचा पट्टा, चौकटीभोवती पिवळ्या मातीची किंवा गेरूची रेघ. जमिनीवर सारवण, आणि सारवताना हाताच्या फिरण्यानं उमटणाऱ्या अर्धवर्तुळांची नक्षी. हे काम आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), कानबाईच्या आधी आणि दिवाळीला व्हायचंच. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, भाऊबंद एका घरी जमतात, रोटांसाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्यासाठी, गहू मोजून घेतला जातो. देवी येणार म्हणून घर पुन्हा लिंपलं जायचं, पोतलं जायचं. घराची डागडुजी आणि घराची सजावट ही त्या बायकांसाठी दोन कामं नव्हतीच, आणि पुढे जे बिघडलं त्याचं मूळ मला या जोडीच्या तुटण्यात दिसतं.

हे रंग फार जुने आहेत. अजिंठा महसुली हिशोबानं खानदेशात येत नाही, पण लेण्यांखालून वाहणारी वाघूर पुढे जळगाव जिल्ह्यातून तापीकडे जाते, आणि लेण्यांकडे जाणारा एक जुना रस्ता जळगाव स्टेशनवरून. पाचव्या शतकात वाकाटकांच्या काळात तिथल्या चित्रकारांनी भिंत तयार केली ती चिखल, भुसा आणि वनस्पतींचे तंतू यांच्या गिलाव्यानं, वर पांढऱ्याचा पातळ हात देऊन. रंग म्हणजे गेरू, पिवळी माती, काळ्या पाषाणातल्या हिरव्या खनिजाचा हिरवा, काजळी आणि पांढरा. फक्त निळा बाहेरचा, अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्द या निळ्या दगडाचा. पहिल्या लेण्याचं छत माझ्या कामाच्या दृष्टीनं सगळ्यात शिकवणारं आहे. चौकोन पाडून प्रत्येकात कमळ, फळं, पक्षी, मध्येच एखादी गंमतीदार आकृती. एकही चौकोन दुसऱ्याची नक्कल नाही, तरी छत एकसंध वाटतं. एकोणिसाव्या लेण्यात दगडात लाकडी कमानींच्या फासळ्या कोरल्या आहेत. दगडाला त्यांची गरज नव्हती. लाकडी घरात राहणाऱ्या कारागिरांना खोली तशीच दिसायला हवी होती.

मधल्या काळाबद्दल थोडक्यात. फारुकी सुलतानांच्या राजवटीत तापीकाठचं बुऱ्हाणपूर हे खानदेशाचं मोठं शहर झालं. १६०१ मध्ये अकबरानं असीरगड घेतला आणि राज्य मोगलांकडे गेलं. सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निये बुऱ्हाणपूरच्या तलम कापडाबद्दल लिहितो. ते इराण, तुर्कस्तान, रशियापर्यंत जायचं, आणि फुलांच्या नक्षीच्या कापडाचे पलंगपोसही व्हायचे. म्हणजे परदेशातल्या शयनगृहांत खानदेशी कापड होतं, त्या काळी. आज बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे, त्यामुळे आपल्या आठवणीतून ते जवळजवळ निसटलं आहे. पश्चिमेकडे नंदुरबार, तळोदा, शहादा हा भाग गुजरातला लागून, तिथल्या व्यापारी घरांच्या लाकडी दर्शनी भागांवर गुजराती वळण स्पष्ट दिसतं.

१८१८ मध्ये इंग्रजी अंमल आला. कॅप्टन जॉन ब्रिग्जनं धुळं मुख्य ठाणं केलं आणि तिथं सरळ रस्त्यांची वस्ती वसली. पण घराच्या आत खरा बदल आणला तो रेल्वेनं. १८६० च्या दशकात लोहमार्ग या भागात आला, त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, आणि हातात पैसा आलेल्या घरांनी दुमजली वाडे बांधले. रेल्वेनं मंगलोरी कौलं आणली, लोखंडी तुळया, रंगीत काचा, हंड्या-झुंबरं, मोठे आरसे आणले. १८९४ मध्ये राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांत लक्ष्मी-सरस्वती माजघराच्या भिंतीवर चौकटीत येऊन बसल्या. विकत आणून भिंतीवर टांगायची ही इथल्या सामान्य घरातली बहुधा पहिली सजावट. मला त्या चित्रांचा राग नाही, जुन्या घरात ती अजूनही शोभतात. पण भिंत रंगवणं आणि भिंतीवर काही टांगणं यांतला फरक तिथून सुरू झाला.

याच वळणावर १९३६ साली जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला जे घडलं, त्याला मी खानदेशाच्या सजावटीच्या इतिहासातलं सर्वांत मोठं पान मानतो. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं हे पहिलं अधिवेशन, २७ आणि २८ डिसेंबरचं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. धनाजी नाना चौधरींसारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनी ते अंगावर घेतलं होतं. शाळेत आपण एवढंच शिकतो. पण अधिवेशनासाठी उभारलेलं टिळकनगर कसं दिसावं, यासाठी गांधीजींनी शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावलं होतं. मी चित्रकार, बांधकामातलं मला काय कळतं, असा संकोच त्यांना होता. गांधीजींची अट एकच : जे उभं राहील ते खेड्यातल्या वस्तूंतून आणि खेड्यातल्या हातांनी. मग बांबू, चटया, गवत, दोऱ्या, माती यांतून दरवाजे, मंडप, प्रदर्शनाची दालनं उभी राहिली. मुंबईचे स्थापत्यकार म्हात्रे सोबत होते. २५ डिसेंबरला खादी आणि ग्रामोद्योगाच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनात गांधीजींनी या मांडणीचं श्रेय जाहीरपणे म्हात्रे आणि नंदबाबूंना दिलं.

नंदबाबूंना हा मुलूख नवा नव्हता. १९०९ च्या हिवाळ्यात तरुण वयात ते ब्रिटिश चित्रकार लेडी हेरिंगहॅम यांच्या गटाबरोबर अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करायला आले होते. (त्यांच्याही आधी, १८४० च्या दशकापासून ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल हे काम करत होते. त्यांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. गिल यांची कबर भुसावळला आहे. तिथं कुणी जावं असं मला नेहमी वाटतं.) अजिंठ्याच्या भिंतीवर रेषा शिकलेला माणूस पंचवीसहून अधिक वर्षांनी त्याच परिसरात परतला आणि केळीच्या बागांच्या मुलखात बांबू-चटईचं नगर सजवू लागला. फैजपूरचं हे काम पुढच्या हरिपुरा काँग्रेस अधिवेशनासाठी त्यांनी रंगवलेल्या फलकांपुढे झाकोळलं गेलं, कारण १९३८ चे ते फलक कागदावर होते आणि जपले गेले. फैजपूरचं नगर अधिवेशनासोबत उतरवलं गेलं. माझ्या मते त्यातली मूळ कल्पना मात्र अधिक धाडसी होती. साधं सामान लपवायचं नाही, त्याची बांधणी, गाठ आणि वीणच दाखवायची. इथल्या कुडाच्या भिंती बांधणाऱ्यांना आणि गाडीवर बांबूच्या तट्ट्या ठोकणाऱ्यांना ती नवी नव्हती, पण देशभरातून आलेल्या पाहुण्यांसमोर ती प्रथमच मानानं उभी राहिली.

फैजपूरपासून काय उरलं, असं शोधत गेलो तर एका व्यक्तीशी थांबावं लागतं, जरी त्यांचा त्या अधिवेशनाशी संबंध नव्हता. चाळीसगाव स्टेशनजवळच्या बंगल्यात राहणारे केकी मूस. १९१२ चा जन्म, परदेशी शिक्षण, आणि परत आल्यावर जवळजवळ पन्नास वर्षं, १९८९ च्या ३१ डिसेंबरला जग सोडेपर्यंत, घराबाहेर न पडता केलेलं काम : छायाचित्रं, चित्रं, शिल्पं, कागदाच्या घड्यांची कला. टेबलावर घरातल्या साध्या वस्तू मांडून ते निसर्गदृश्य उभं करायचे आणि त्याचा फोटो घ्यायचे. प्रकाश कुठून सोडायचा आणि वस्तू किती कमी ठेवायच्या, हे आमच्या व्यवसायातल्या कुणीही त्यांच्याकडून शिकावं. तो बंगला आता संग्रहालय आहे.

त्यानंतर सिमेंट आलं. यात मी कुणाला दोष देत नाही. धाबं गळायचं, साप-विंचू असायचे, दरवर्षी माती चढवण्याचा आणि पोतण्याचा भार बायकांच्या पाठीवर होता. केळीनं आणि ठिबकनं पैसा आला तसे स्लॅबचे बंगले झाले, आणि त्या घरांनी बायकांचे कष्ट कमी केले हे खरंच आहे. पण स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडतो, म्हणून कूलर, मग एसी, मग एसीसाठी बंद खिडक्या आणि छताखाली पीओपी. खण गेला, खांब भिंतीत लपला. डागडुजी उरली नाही आणि तिच्यासोबत येणारी सजावटही थांबली. ती दुकानातून एकदाच आणायची वस्तू झाली. जुने वाडे पडले तेव्हा कोरलेले खांब आणि चौकटी जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांनी वजनावर नेल्या. आता तेच खांब आणि चौकटी शहरांतल्या हॉटेलांत शोभेला उभे दिसतात, आणि गावाकडची माणसं ते पाहून 'राजस्थानी आहे का हो?' असं विचारतात.

म्हणून नव्या घरासाठी कुणी खानदेशी रूप मागितलं तर मी नक्षीपासून सुरुवात करत नाही. पश्चिमेची भिंत जाड ठेवून तिच्यात कोनाडे काढता येतील का, जिन्याच्या माथ्यावर साण्यासारखा वरून येणारा उजेड घेता येईल का, ओसरीला खरी सावली मिळेल का, ते आधी पाहतो. चुन्याचा गिलावा करणारे गवंडी शोधावे लागतात, पण मिळतात. एक भिंत तरी अशी ठेवा जी दर दिवाळीला घरातल्या सगळ्यांनी मिळून, पुरुषांनी आणि मुलांनीसुद्धा, पुन्हा रंगवायची, असा माझा आग्रह असतो. काही जण हसून टाळतात. काही घरांत ती भिंत आहे, आणि गेरूचा पट्टा दरवर्षी थोडा वर-खाली होतो.