बांडगूळ म्हणण्याआधी

"मॅडम, झाडाले बांडगूळ आलं जी. तोडून टाकू का?" माळीभाऊंनी आंब्याकडे विळा रोखून विचारलं. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधला हा जुना आंबा. बेचक्यात पट्ट्यासारख्या जाड पानांचा झुपका, खाली सुतळीएवढी पांढुरकी मुळं लोंबत होती. त्यांच्यावर पाणी शिंपडलं, तशी ती बघता बघता हिरवट झाली. ही रास्ना, म्हणजे ऑर्किड. बांडगूळ फांदीत घुसून झाडाचं पाणी ओढतं. रास्ना फक्त बसायला जागा घेते; पाणी टिपतं ते तिच्या मुळांवरचं स्पंजासारखं आवरण.

पण असा भाडेकरू झाडाला काही देतो का?

उत्तर शोधायला जंगलांच्या अभ्यासक नलिनी नाडकर्णी दोर बांधून थेट शेंड्यांकडे चढल्या. वडील भारतीय, पण त्या वाढल्या अमेरिकेत. जंगलाचा अभ्यास तेव्हा बहुतेक जमिनीवरूनच चाले. वरचा मजला कोणी फारसा पाहिलाच नव्हता. वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पिक वर्षावनात मोठ्या पानांच्या मेपलवर मॉसच्या जाड गाद्या असतात. पावसाळ्यात आपल्या कंपाउंडच्या भिंतीवर चढते ना हिरवी मखमल, तीच, पण उशीएवढी जाड. तिथल्या मेपलवरच्या या पाहुण्यांचं वजन झाडाच्या स्वतःच्या पानांच्या जवळपास चौपट भरतं!

गादी उचकटली, तर खाली काळी माती. मेलेलं मॉस, पालापाचोळा कुजून फांदीवरच तयार झालेली. आणि त्या मातीत मुळं. कोणाची? मागोवा घेत गेल्यावर ती त्याच मेपलच्या फांदीतून फुटलेली निघाली. पाऊस आणि धुक्यातून मॉसने गोळा केलेली पोषकद्रव्यं खाली पडायची वाट झाड बघत नव्हतं, वरच्या वरच उचलत होतं. १९८१ साली 'सायन्स' नियतकालिकात त्यांनी हे मांडलं. पुढे कोस्टा रिकातल्या माँटेव्हर्देच्या ढगाळ जंगलात त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. ओरबाडलेलं मॉस परत यायला दोन दशकंही लागतात, हेही त्यांनी दाखवलं. (मुलींनी झाडावर चढावं म्हणून बार्बीला हेल्मेट घालून 'ट्रीटॉप बार्बी'सुद्धा बनवली. मला ही बाई इथेच फार आवडली.)

नागपूरच्या ४५ अंशांत मॉसची गादी कुठली टिकायला! आमच्या आंब्याला रास्नेकडून तसं काही मिळत नसणार. पण ती त्याचं काही नेतही नाही, म्हणून राहिली.

माळीभाऊ मात्र हटले नाहीत. पलीकडच्या फांदीवर बोट दाखवलं: गाठ आलेली, तिथून फुटलेली वेगळीच पानं, नळीसारखी केशरी फुलं. ते खरंच बांडगूळ होतं. गाठीसकट छाटलं.