पाच प्रदेश आणि पाच प्रदेश: आयकॅनच्या संचालकासाठी कोणता नकाशा धरायचा?

इंटरनेटच्या कारभारात जगाची पाच भागांत वाटणी दोनदा झाली आहे. आकडा तोच, नावंही बरीचशी सारखी. त्यामुळे कोकणातून कोणी आयकॅनच्या, म्हणजे इंटरनेटवरची नावं आणि पत्ते यांचा जागतिक कारभार पाहणाऱ्या संस्थेच्या, संचालकपदाचा अर्ज भरायला घेतला, की घोळ बहुधा ‘प्रदेश’ या रकान्यातच होतो.

आयकॅनच्या नियमावलीतले पाच प्रदेश असे: आफ्रिका, युरोप, उत्तर अमेरिका, लॅटिन अमेरिका-कॅरिबियन आणि आशिया-ऑस्ट्रेलिया-पॅसिफिक. इथे मोजतात माणसं, तीही नागरिकत्वावरून. दुसरे पाच प्रदेश आयपी पत्ते (इंटरनेटवरच्या यंत्रांचे ओळखक्रमांक) वाटणाऱ्या संस्थांचे: आफ्रिनिक (आफ्रिका), एपीनिक (आशिया-पॅसिफिक), आरिन (उत्तर अमेरिका), लॅकनिक (लॅटिन अमेरिका) आणि राइप एनसीसी (युरोप आणि पश्चिम आशिया). इथे मोजतात नेटवर्क. चिपळूणच्या केबलवाल्याने निक्सीच्या आयआरआयएनएनकडून (भारतात आयपी पत्ते वाटणाऱ्या नोंदणी विभागाकडून) पत्ते घेतले, की त्याचं नेटवर्क एपीनिकच्या हद्दीत आलं. त्याचा स्वतःचा पासपोर्ट कुठलाही असो.

गुहागर विधानसभा मतदारसंघात चिपळूण आणि खेड तालुक्यांतली गावंही येतात, म्हणून ती काही गुहागर तालुक्यात जात नाहीत. हेही तसंच.

आखाताचं उदाहरण आपल्याकडे घरोघरी लागू पडेल. दुबईतल्या कंपनीला आयपी पत्ते मिळतात राइप एनसीसीकडून, आणि त्या संस्थेचं कार्यालय ॲमस्टरडॅमला. म्हणून तिथे नोकरी करणारा रत्नागिरीकर ‘युरोप’चा होत नाही. आयकॅनच्या लेखी भारत आणि अमिराती दोन्ही आशियातच. उलट ग्वाम बेट पत्ते घेतं एपीनिककडून, पण अमेरिकेच्या ताब्यात असल्याने तिथला अमेरिकी नागरिक उत्तर अमेरिकेत धरला जातो. जमैकाला पत्ते देतं आरिन. आयकॅनच्या नकाशात मात्र ते लॅटिन अमेरिका-कॅरिबियनमध्ये.

नागरिकत्व एका देशाचं आणि पाच वर्षांहून जास्त अधिवास दुसऱ्या देशात, असं असेल तर उमेदवाराला दोन्हींपैकी एक देश निवडता येतो; तो अर्जाबरोबरच्या निवेदनात आधीच सांगावा लागतो. दुबईकराला त्याने काहीच फरक पडत नाही. टोरांटोत स्थायिक झालेल्याला पडतो. ब्रिटिश पासपोर्ट घेऊन मालवणला परतलेल्याने ओसीआय कार्ड दाखवून भागत नाही, कारण ते नागरिकत्व नव्हे.

आता जागांचा हिशेब. मतदानाचा हक्क असलेले संचालक 16. त्यांतले आठ नामांकन समिती निवडते, पत्ते, देशनिहाय डोमेन (.in सारखी) आणि सर्वसाधारण डोमेन (.com सारखी) यांच्या तीन सहायक संघटना प्रत्येकी दोन, सामान्य वापरकर्त्यांचा ॲट-लार्ज समूह एक, सोळावा आयकॅनचा अध्यक्ष म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारी. प्रत्येक प्रदेशाचा किमान एक संचालक असलाच पाहिजे, हे पाहणं नामांकन समितीचं काम. अध्यक्ष सोडून एका प्रदेशाचे पाचांहून जास्त होतील अशी निवड तिला करता येत नाही. इतरांनी पाठवलेली माणसं धरूनच हा हिशेब जुळवायचा असतो, त्यामुळे आशियाचे पाच आधीच भरले असतील तर कितीही लायक भारतीय उमेदवार त्या वर्षी बाहेर राहतो.

दोन्ही नकाशांची गाठ पडते ती पत्त्यांच्या संघटनेत. तिच्या 15 जणांच्या परिषदेत पत्ते वाटणाऱ्या पाचही संस्थांचे तीन-तीन जण असतात, म्हणजे निवडणारे दुसऱ्या नकाशातले. पण ते निवडतात त्या दोन संचालकांना पहिला नकाशा लागतो: एकाच सहायक संघटनेचे दोघे एकाच प्रदेशाचे चालत नाहीत. एपीनिकच्या वर्तुळातून पुढे आलेला ग्वामचा उमेदवार इथे अडकू शकतो. दुसरी जागा कॅनडाच्या माणसाकडे असली, की संपलं.

आता न्यायाचं बोलायचं तर आमच्या मते खरी कसर पहिल्याच नकाशात आहे. उत्तर अमेरिका म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि अमेरिकेच्या ताब्यातली बेटं, एवढंच. आशियाच्या गठ्ठ्यात लेबनॉनपासून फिजीपर्यंत सगळे, त्यात भारत आणि चीनही. तरी दोघांना किमान एक आणि कमाल पाच हेच माप. गठ्ठ्याच्या आत दक्षिण आशिया, आखात, पॅसिफिक बेटं असा पोटहिशेब नाही. शिवाय निवडून आलेला संचालक प्रदेशाचा प्रतिनिधी नसतो. तो व्यक्ती म्हणून बसतो आणि आयकॅनचं हित पाहणं त्याच्यावर बंधनकारक असतं. ‘आपला माणूस’ बोर्डावर गेला म्हणून देवनागरी डोमेनची बाजू तो मांडेलच, असं धरून चालता येत नाही.